प्रभादेवी, एक तास

मिरजेहून पहाटे चारला निघालो.
मागच्या सीटवर तंबोरा, गोधडीत गुंडाळलेला,
भोपळ्याखाली दोन उशा, वरून सीटबेल्ट.
वापीला पोचवायचा होता, दिवस मावळायच्या आत.
मुंबईत थांबायचं ठरलेलंच नव्हतं.
समुद्रावरचा पूल संपता संपता जैबुन म्हणाली,
प्रभादेवीला घ्या जरा. पाचच मिनिटं.
लग्नाला छत्तीस वर्षं झाली,
रस्ता तिनं सांगायची ही पहिलीच वेळ.

इथून डावीकडे. आता सरळ. हा सिग्नल नव्हता तेव्हा.
माझी एमएच दहा, जीव मुठीत,
मागून भोंगे,
आणि ही प्रत्येक वळणाला
गाडीच्या आधी मान वळवत होती.

पार्किंगवाल्या पोरानं एक तासाची पावती फाडली.
वाकून मागे बघितलं. चाचा, पेशंट आहे का?
म्हटलं, तंबोरा.
झोपलाय?
झोपलाय. तारा उतरवल्यात.
त्याला ते पटलं असावं,
बदामाच्या सावलीतली जागा दिली.

एप्रिलचं ऊन. बंद गाडीत भोपळा ठेवला
तर सरस पाघळतो, सांधा उकलतो.
कुणीतरी थांबायलाच हवं.
तुम्ही थांबा, मी येते बघून, म्हणाली,
आणि निघालीसुद्धा.

मिरजेत मार्केटातला रस्ता ओलांडताना
ती माझी बाही धरते.
इथं तिनं नुसता पंजा उचलला,
वर्दीतल्या माणसासारखा.
टॅक्सी थांबली, बस थांबली,
एक मोटारसायकलवाला तर पाय टेकून उभाच राहिला,
आणि ती, इकडेतिकडे न बघता, पलीकडे.
मी अलीकडे, काचा खाली करत.

मला माहीत होतं ते एवढंच:
लग्नाआधी मुंबईत होती, टेलिफोनात, चौदा महिने.
सासऱ्यांनी बैठकीत सांगितलेलं हे वाक्य
मी तसंच ठेवून दिलं होतं, घडी न मोडता.
त्याच सुमाराला कधीतरी मीही
मिरजेच्या पोस्टातून दादरला ट्रंक कॉल लावला होता,
सहा तंबोऱ्यांची ऑर्डर, उधारीची भानगड.
बोलणं रंगात आलं आणि मधेच एका बाईचा आवाज,
तीन मिनिटं झाली, वाढवू?
खिशात पैसे नव्हते. नको म्हटलं.
ती हीच असेल असं नाही.
शंभर बायका असतील तिथं, पाळ्या लावून.
पण आवाज सुरात होता, एवढं आठवतं.
काळी चारच्या आसपास.

पन्नास मिनिटांनी आली,
घामानं डबडबलेली, हातात काही नाही.
आत सोडलं?
नाही. वॉचमननं विचारलं, कोण तुम्ही?
माझ्या तोंडून निघून गेलं, ऑपरेटर एकोणतीस.
मग?
हसला तो. पोरगाच होता. पाणी दिलं.
मग पायरीवर बसले. पायरी तीच आहे.

एवढं बोलून तिनं चपलेतला खडा झटकला,
मागे वळून तंबोऱ्याची गोधडी सारखी केली.
पोरगा पावती बघत आला. वाढवायचं का, चाचा?
मी हिच्याकडे बघितलं.
नको, ती म्हणाली, उशीर होईल.

दहिसर नाक्यानंतर गाड्या पांगल्या.
वाटलं, हिला झोप लागली.
डोळे मिटलेलेच होते
आणि गळ्यातून एक आवाज आला,
मी घरात कधी न ऐकलेला,
बारीक, सरळ, कुठेही न हलणारा:
मिरज, बोला. तुमची लाइन आली.

दोन्ही हात स्टिअरिंगवर. पुढे दुधाचा टँकर.
काय बोलावं सुचेना.
म्हटलं, हॅलो.
मग बराच वेळ दोघंही
नुसतीच लाइनवर.